बोटीवर चीज चालत नाही

हाल्वरचा देवावर विश्वास बेताचाच होता, पण तपकिरी चीजवर पक्का होता. म्हणजे ते बोटीवर आणलं की घात होतो, यावर. देव एखादे वेळी काणाडोळा करील, समुद्र करत नाही, असं तो सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

शेळीच्या दुधाचं पाणी आटवून आटवून खव्याच्या रंगावर आणलेलं हे गोडसर चीज किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात पावावर असतं. हाल्वरच्याही घरी असायचं आणि तो ते मिटक्या मारत खायचा. पण जमिनीवर. धक्क्याच्या पलीकडे चीज नाही, वॉफल नाही, पाठीवरची सॅक नाही, घोड्याचं नाव काढायचं नाही, आणि बंदरातून निघताना बोट वळवायची ती सूर्य जातो त्याच बाजूनं. हे नियम त्याच्या बापाचे आणि आजाचे. ते दोघंही सगळे नियम पाळून समुद्रातच बुडाले होते, पण त्यावरून नियमांबद्दल शंका घ्यावी असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.

तर अशा या माणसाच्या बायकोला, बोर्गिलला, सत्तराव्या वाढदिवसाला मुलीनं, टूनेनं, जलप्रवासाची भेट दिली. दोघांना मिळून. 'लुंडे' नावाची छोटी जुनी मालबोट होती, तिला रंग देऊन, खोल्या बांधून उतारूंसाठी केलेली. तीन दिवस हेल्गेलांडच्या किनाऱ्यानं जायचं, डोंगर बघायचे, बेटांवर उतरायचं, परत यायचं.

"मी? उतारू म्हणून?" हाल्वर म्हणाला. "गावातली पोरं हसतील मला."

"हसू देत. जन्मभर मी खिडकीतून समुद्र बघितला. आता समुद्रातून खिडकी बघायचीय," बोर्गिल म्हणाली. मग कॉफीचा कप खाली ठेवून ती शांतपणे पुढे म्हणाली, "आणि बोट मोसॉयला थांबते. तिथं तू उतरायचं आणि आर्नफिनचा हात हातात घ्यायचा. बास, एवढंच."

"तो चीजवाला?"

"तो माझा भाऊ. नीट ऐक. त्याची इंगा गेली तेव्हा मी एकटी गेले. सगळे विचारत होते, हाल्वर कुठाय? म्हटलं, पाठ धरलीय त्याची. भावजयीच्या थडग्याशी उभी राहून खोटं बोलले मी. आता नाही बोलायची. मोसॉयला तू उतरलास तर ठीक. नाही उतरलास, तर मी उतरेन ती परत चढणार नाही. राहा मग तू आणि तुझे नियम."

पन्नास वर्षांच्या संसारात हाल्वरनं अशा धमक्या पुष्कळ ऐकल्या होत्या. गर्जेल तो पडेल काय, असं मनाशी म्हणून त्यानं आणखी एक पाव घेतला. चीज लावून.

निघायच्या दिवशी मात्र बोर्गिलची ट्रंक उचलताना त्याचे हात भरून आले. "तीन दिवसांना एवढं काय घेतलंयस?"

"बायकांना लागतं," ती म्हणाली.

बोटीवर पाय ठेवताच हाल्वरला तिथला कप्तान आवडला. स्टियान नाव त्याचं, वय चाळिशीच्या आतलं, पण घराणं मासेमारांचं. चढण्याच्या फळीपाशीच पाटी ठोकलेली होती: 'या बोटीवर वॉफल व तपकिरी चीज आणू नये.' परदेशी उतारू त्या पाटीपाशी उभे राहून, दात काढून फोटो घेत होते. हाल्वरनं टोपी काढली.

"पण सॅक कशा चालतात रे?" त्यानं हळूच विचारलं.

"काय करू, तांडेल? जर्मन माणसाच्या पाठीला ती जन्मतःच असते. ती काढायची म्हणजे शस्त्रक्रियाच," स्टियान म्हणाला. "पण चीजच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ज्याला खायचंय त्यानं मोसॉयला खावं. तिथं आर्नफिनकडे मिळतं तसं वॉफल अख्ख्या किनाऱ्यावर नाही. त्याच्यासाठी तर लोक हे तिकीट काढतात."

हाल्वरनं टोपी परत घातली.

आर्नफिन मोसॉयला राहत होता तो हाल्वरच्याच कृपेनं. तीसेक वर्षांपूर्वी तो हाल्वरच्या बोटीवर होता. बोटीचं नावही 'बोर्गिल'. बोटीला बायकोचं नाव द्यायचं आणि बायकोला बोटीवर येऊ द्यायचं नाही, ही तिकडची रीतच. त्या हिवाळ्यात लोफोटेनच्या कॉड मासळीच्या हंगामात त्यांची दशा दशा झाली. जाळी रिकामी, इंजिन बंद, एका वादळात नांगर गेला. शेजारच्या बोटी मासळीनं वाकत होत्या आणि ही बोट नुसती पाण्यावर डुलत होती. मग एके दिवशी हाल्वरला मेहुण्याच्या बिछान्यात कागदाची पुडी दिसली. "काय आहे हे?" त्यानं विचारलं. आर्नफिननं सरळ सांगितलं, "चीज." हाल्वरनं आणखी एक प्रश्नही विचारला नाही. बोट फिरवली, सर्वांत जवळचा धक्का गाठला आणि धो धो पावसात मेहुण्याला बोचक्यासकट उतरवून दिलं. तो धक्का मोसॉयचा. आणि बघा, त्याच आठवड्यात जाळी फाटतील अशी मासळी लागली! याहून मोठा पुरावा कुणाला हवा असेल तर त्यानं कोर्टात जावं, असं हाल्वरचं म्हणणं. आर्नफिनला त्या धक्क्यावरच्या दुकानदाराच्या मुलीनं, इंगानं, कोरडे कपडे आणि गरम वॉफल दिलं, आणि तो तिथलाच झाला. म्हणजे त्याचं भलंच झालं, हेही हाल्वरचंच म्हणणं.

स्टियाननं बोट सूर्याच्या वाटेनं वळवली. हाल्वरनं ते पाहिलं आणि मनातल्या मनात शाबासकी दिली.

पुढे मात्र त्याला काही सुचेना. दोर ओढायचा नाही, सुकाणू धरायचं नाही, नुसतं बघायचं! उतारू डोंगरांच्या माथ्याकडे बघत 'आहाहा' करत होते, हाल्वर पायथ्याच्या पाण्याकडे बघत होता. 'सात बहिणी' म्हणतात ते डोंगराचे सात सुळके आले तेव्हा बोर्गिलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती सुंदर आहे रे! तू कधी सांगितलं नाहीस."

"खाली खडक आहे. दोन जाळी गेली माझी तिथं."

संध्याकाळी बोट त्यांच्याच गावासमोरून गेली. ऊन अजून लख्ख होतं. बोर्गिल कठड्याला टेकून आपलं पिवळं घर शोधू लागली. चर्च दिसलं, शाळा दिसली, घराचं धुराडं दिसलं. बाकीचं घर बोटी ठेवायच्या शेडच्या लांबलचक छपराआड होतं.

"खिडकी कुठाय?" ती म्हणाली.

हाल्वर दुसरीकडे बघू लागला.

"हाल्वर, स्वयंपाकघराची खिडकी कुठाय? तू निघालास की मी पडदा सारून हात हलवत उभी राहायचे. चाळीस वर्षं. आणि तू घरी आल्यावर म्हणायचास, दिसलीस हं."

"तेव्हा ते छप्पर नव्हतं."

"ते छप्पर माझ्या आज्यानं घातलंय!"

हाल्वर खाकरला आणि थंडी वाजतेय म्हणून आत गेला. बोर्गिल मात्र बराच वेळ त्या धुराड्याकडे बघत उभी राहिली. तिला राग आला होता, आणि त्या रागातच थोडं हसूही येत होतं.

जेवणाला खिम्याचे गोळे आणि तपकिरी रस्सा होता. स्वयंपाकीण सिल्ये, ट्रोन्हाइमकडची तरुण पोरगी, स्वतः वाढत होती. कप्तान आधीच दोन वाट्या रस्सा ओरपून वर सुकाणूपाशी गेला होता. हाल्वरनं पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. छपराचं प्रकरण मिटवायची याहून चांगली संधी नव्हती.

"पोरी, इकडे ये," तो मोठ्यानं म्हणाला. "तुला सांगतो, असा रस्सा जगात फक्त एकच बाई करते, ती ही बसलीय. मी समुद्रावर जायचो तेव्हा ही गोळे-रस्सा बरण्यांत भरून द्यायची. अख्ख्या बंदरात त्या बरण्यांचं नाव होतं. तू एकदम तसाच केलायस. काय घातलंयस त्यात?"

बोर्गिल काटा खाली ठेवून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघू लागली. दिवसभरात तिनं कुठल्याच डोंगराकडे इतक्या एकाग्रतेनं पाहिलं नव्हतं.

सिल्येनं मागेपुढे बघितलं आणि वाकून कुजबुजली, "तपकिरी चीज. त्याशिवाय ही चव येतच नाही हो. आमच्याकडे सगळेच घालतात. पण कप्तानाला सांगू नका हं! त्याला वाटतं, कांदा परतून हा रंग येतो."

हाल्वरच्या तोंडात घास होता. तो गिळावा की थुंकावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी चव जिंकली.

"बोर्गिल," तो म्हणाला.

"तो डोंगर बघ."

"केव्हापासून?"

"लग्नापासून."

"बरण्यांतही?"

"बरण्यांतही."

"माझ्या बोटीवर?"

"मी कुठं होते तुझ्या बोटीवर? मला तर पाय ठेवायची बंदी. बरण्या तूच उचलून नेत होतास."

हाल्वर उठून तरातरा बाहेर गेला. ती मागोमाग गेली, कारण भांडण अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

"चाळीस वर्षं फसवलंस मला!" तो ओरडला. कठड्यापाशी पक्षी बघणाऱ्या दोन बायका दुर्बिणीसकट पलीकडे सरकल्या.

"मी एकदा तरी म्हटलं का, यात चीज नाही म्हणून? तू कधी विचारलंस का? पाच बरण्यांच्या जागी सात मागून न्यायचास. आणि मला कोण बोलतंय! दिसलीस हं, पडदा हलताना दिसला हं! छपरातून?"

हाल्वर दोराच्या वेटोळ्यावर बसला आणि त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. सगळ्यांत मोठ्या मासळीचा मान त्याच्या बोटीला मिळाला ती वर्षं, इतर बोटी फुटल्या आणि त्याची सुखरूप आली ती वादळं, सगळी चीजवरच निघालेली. म्हणजे चीज पोटात असताना काही झालं नाही. मग तो एक हिवाळा?

"त्या वर्षी," तो सावकाश म्हणाला, "आर्नफिनच्या वर्षी, बरण्या तुझ्याच होत्या ना?"

"कशा असतील? मी बोडोच्या दवाखान्यात नव्हते का? टूने पोटात आडवी होती. मागनाकाकूनं भरून दिल्या होत्या."

"मागनाकाकू चीज घालायची?"

"मागनाकाकू मीठ घालायची हेच पुष्कळ."

हाल्वरला त्या बरण्या आठवल्या. खळीसारखा तो पांढरट रस्सा. कुणी पुरा खाल्लाच नव्हता.

"आणि मग मासळी लागली ती..." त्याचा आवाज खाली आला.

"मी घरी आले, दुसऱ्याच दिवशी पेटी भरून टपालबोटीनं पाठवली. तुला मिळाली त्या आठवड्यात."

मिळाली होती. बोटीवरच्या लोकांनी त्या पेटीला मुजरे केले होते. हाल्वरच्याच नियमानं मोजायचं, तर अख्ख्या आयुष्यात त्याची बोट चीजशिवाय एकदाच निघाली होती, आणि तेव्हाच तिचं वाटोळं झालं होतं.

"आर्नफिनला हे ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"ते त्याला विचार," बोर्गिल म्हणाली आणि आत निघून गेली.

थोड्या वेळानं स्वेटर घ्यायला तो खोलीत गेला. ती अंघोळीला गेली होती आणि ट्रंक उघडी होती. वर उन्हाळी कपडे होते. त्यांच्याखाली तिचा लोकरी हिवाळी कोट, बर्फातले बूट, आईची कॉफीची किटली आणि विणकामाची सगळी पिशवी. जुलै महिना होता. हाल्वरच्या तोंडचं पाणी पळालं. त्या घरात एकटं राहायचं, तिच्याशिवाय, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. समुद्रावर मरायची भीती त्यानं कधीच सोडली होती, पण रिकाम्या स्वयंपाकघराची भीती त्याला आत्ता, या एवढ्याशा खोलीत, पहिल्यांदा वाटली.

सकाळी मोसॉय आलं. हाल्वर बोटीच्या नाकाडावर उभा होता, उतरण्यासाठी नव्हे, नुसताच. वरून स्टियान ओरडला, "तांडेल, दोर टाकता का?" आणि विचार करायच्या आत हाल्वरच्या हातात दोर आला होता.

धक्क्यावर एक म्हातारा उभा होता. कमरेला पिठाचे डाग पडलेलं फडकं, डोक्यावर केस नाहीत, एक खांदा उतरलेला. हाल्वरच्या डोक्यात अजून तो पावसात भिजलेला दणकट गडी होता. त्यानं दोर फेकला. म्हाताऱ्यानं तो एका हातात झेलला आणि खुंटाला वेढे घातले, अगदी पूर्वी घालायचा तसेच.

उतारू वॉफलच्या वासामागे पळाले. बोर्गिल ट्रंक ओढत उतरली, ती धक्क्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. भावाकडे गेली नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. हाल्वर फळीच्या टोकाशी बराच वेळ घुटमळला आणि मग उतरला.

"दोर जाड झालेत," तो म्हणाला.

"बोटी जड झाल्यात," आर्नफिन म्हणाला.

"इंगाचं कळलं होतं. मी आलो नाही."

"हो. पाठ धरली होती म्हणे." आर्नफिनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"नव्हती धरली."

"ठाऊक आहे रे."

हाल्वरनं खुंटावरचा वेढा उगाच घट्ट केला. "बरण्यांतलं चीज. तुला माहीत होतं?"

"तो आमच्या आईचा रस्सा. मला पहिल्या घासाला कळला होता. त्या वर्षी मागनाकाकूची ती लापशी खाऊन जीव विटला, म्हणून तर स्वोल्वेरला दुकानातून एक तुकडा घेतला. रोज नखाएवढा चाखायचो."

"मग बोलला का नाहीस?" हाल्वरचा आवाज चढला. "नखाएवढ्या तुकड्यासाठी मी तुला भर पावसात इथं टाकलं. एक शब्द बोलायचास! म्हणायचंस, आधी स्वतःच्या बरण्या हुंग, मग मला शिकव!"

आर्नफिननं फडक्याला हात पुसले. एकदा ट्रंकेवर बसलेल्या बहिणीकडे बघितलं.

"बोललो असतो, तर तू माझ्याऐवजी तिला घराच्या पायरीवरून उतरवलं असतंस," तो म्हणाला. "मी एकटा होतो, कुठल्याही धक्क्यावर चाललं असतं. तिच्या कुशीत तान्ही पोर होती."

"तिला नसतं उतरवलं मी."

आर्नफिन नुसता त्याच्याकडे बघत राहिला. आणि हाल्वरला तो हिवाळा आठवला, तेव्हाचा स्वतःचा आवाज आठवला, बंदरात सगळ्यांसमोर गेलेली इज्जत आठवली. उतरवलं असतं. लेकरासकट उतरवलं असतं, आणि वर नियम सांगितला असता. त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना. तशाच खाली मानेनं त्यानं हात पुढे केला. आर्नफिननं तो धरला. पिठाचा चिकट हात होता, आणि लवकर सुटला नाही.

"बोर्गिल," हाल्वर न वळता म्हणाला, "ऊठ त्या ट्रंकेवरून."

"का?"

"मला ती वर न्यायचीय. बोटीवर."

ती सावकाश उठली. "जड आहे हं," ती म्हणाली.

"माहितीय. बघितलीय."

मग तिघं आत गेले आणि हाल्वरनं चार वॉफलं खाल्ली, प्रत्येकावर चीज. निघताना आर्नफिननं मेहुण्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक जाड वडी ठेवली, आणि नाताळला येतो म्हणाला.

फळीपाशी, त्या पाटीखालीच, स्टियान उभा होता. त्याची नजर पुडीवर गेली.

"काय आहे ते, तांडेल?"

हाल्वर थबकला. मागे धक्क्यावर आर्नफिन दोर सोडता सोडता थांबला होता.

"साबण," हाल्वर म्हणाला.

"साबण?"

"शेळीच्या दुधाचा. हिच्या कातडीला दुसरा चालत नाही."

"बरं बरं. मला वाटलं चीज," स्टियान हसला. "तुम्हाला सांगतो, मी ही बोट घेतल्यापासून चीजचा कण इथं शिरू दिला नाही. म्हणून तर एक ओरखडा नाही तिच्या अंगावर."

स्वयंपाकघराच्या गोल खिडकीत सिल्येचा चेहरा दिसला आणि लगेच दिसेनासा झाला.

"नियम म्हणजे नियम," हाल्वर म्हणाला. "दुपारी जेवायला काय आहे?"

बोट सूर्याच्या वाटेनं वळली. बोर्गिल कठड्याशी उभी राहून हात हलवत होती. तिचे डोळे भरले होते, त्यात सकाळचं ऊन समोरून येत होतं.

"मला नीट दिसत नाही," ती म्हणाली. "आहे का रे तो अजून उभा?"

मोसॉयच्या गोदामाचं छप्पर केव्हाच मधे आलं होतं.

"आहे," हाल्वर म्हणाला. "हात हलवतोय."

बोर्गिलनं डोळे पुसले, त्या छपराकडे नीट बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"मग बघतोयस काय?" ती म्हणाली. "तूही हलव की."